जागा सोडायची नाही

आमचे घरमालक जन्मात विमानात बसले नाहीत, पण विमानतळावर दर रविवारी जायचे. बायकोला घेऊन. बिबवेवाडीहून स्वारगेट, तिथून विमानतळाची बस. दुपारचं जेवण झालं की निघायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. गल्लीत कुणी विचारायचं, "काय सर, गावाला निघालात?"

"गावाला कशाला? विमानतळावर."

"कुणी येणारे का?"

"येतच असतात की लोक."

यापुढं विचारायची कुणाची टाप नव्हती. एका शाळेत त्यांनी आयुष्यभर पी. टी. शिकवली होती, म्हणून सगळे त्यांना सर म्हणायचे. त्यांची बायकोसुद्धा. मी तिला वहिनी म्हणायचे. मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचे, अजून तिथंच राहते. नवरा गेल्यावर मेसमध्ये पोळ्या लाटल्या, आता मनगटं चालत नाहीत म्हणून बसून असते. सर गेल्यापासून गल्लीतले लोक त्यांच्याबद्दल फार गोड बोलतात. ते जिवंत असताना हेच लोक त्यांना बघून रस्ता बदलायचे. मी त्यांना रोज बघितलं, तेव्हा जसं बघितलं तसं लिहिते. शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढ्यात बसेल ते.

सरांच्या गळ्यात शिट्टी असायची. निवृत्त झाले तरी ती निघाली नाही. सकाळी नळाला पाणी आलं की गॅलरीत उभे राहून शिट्टी मारायचे, म्हणजे भाडेकरूंनी बादल्या लावायच्या. घरच्यांसाठी वेगळी शिट्टी होती. दोन छोट्या, एक लांब. ती वाजली की वहिनी कणकेचे हात घेऊन बाहेर यायच्या. मुलगी लहान असताना खेळ टाकून धावत यायची. मी एकदा वहिनींना म्हटलं, "कुत्र्याला बोलावतात तसं बोलावतात हो तुम्हाला." त्या म्हणाल्या, "नावानं हाक मारायला लाजतात."

मोबाइल घेतला तोही मुलीनं हट्ट केला म्हणून. पण तो फडताळात ठेवलेला, वरून वहिनींनी विणलेला रुमाल. पूर्वी घरी फोन असायचा तसा. बाहेर जाताना कधी बरोबर न्यायचे नाहीत. "फोन घरचा असतो. मी त्याला फिरायला नेत नाही," म्हणायचे. सर बाहेर असताना तो वाजला तर वहिनी घ्यायच्या, वहिनी नसल्या तर मी.

आणि विमानतळाची बस. याचं खूळ कधी लागलं ते वहिनींनाही सांगता यायचं नाही. शाळेची सहल घेऊन एकदा गेले होते, मुलांना विमानं दाखवायला, तेव्हापासून असावं. त्यांचं म्हणणं असं, की विमान कुणाचंही असो, विमानतळ गावाचा असतो. आणि गावाचा असेल तर गावातून तिथं बस गेली पाहिजे. "बस नसेल तर ते नुसतं मैदान. त्यात विमानं उतरतात, घारीपण उतरतात." कुणी परगावाहून विमानानं आलं, की प्रवास कसा झाला, जेवलात का, हे नंतर. आधी, "तिथल्या विमानतळाला बस आहे का हो?" आहे म्हटलं तर त्या गावाबद्दल चांगलं बोलायचे. नाही म्हटलं तर ते गाव संपलं.

मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हाचं सांगते. स्थळ नागपूरचं. मुलगा सरकारी नोकरीत, माणसं साधी. बैठक चालली होती, मी पोह्यांच्या बश्या फिरवत होते. देण्याघेण्याचं काही नव्हतं, सगळं जुळत आलं होतं. मुलाचे काका म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचं असेल तर मोकळेपणानं विचारा."

सर म्हणाले, "विमानतळावरून तुमच्या घराकडं बस येते का?"

काका मुलाच्या वडिलांकडं बघायला लागले. मग म्हणाले, "तुम्ही काळजी नका करू जी. तुम्ही याल तेव्हा आपण कार पाठवू ना."

"कार कोण मागतंय? बस विचारली."

"आता बसचं... बघावं लागेल."

"बघा. आम्ही थांबतो."

त्यांनी खरंच थांबवलं. मुलाच्या वडिलांनी नागपुरात कुणाला तरी फोन लावला, बस आहे का विचारलं. चहा गार झाला. आतल्या खोलीत मुलगी रडत होती, वहिनी म्हणत होत्या, "गप गं. असेल बस. एवढं मोठं गाव आहे." तिकडून कुणीतरी सांगितलं, जवळच्या रस्त्यावरून जाते. सरांनी मान हलवली, "मग ठीक आहे," आणि लग्न ठरलं. जाताना काका मला हळूच म्हणाले, "मावशी, हे असेच आहेत का?" मी म्हटलं, "आज सणाचा दिवस म्हणून मवाळ आहेत."

मी त्या दोघांबरोबर विमानतळावर एकदाच गेले. वहिनी मागंच लागल्या. मला वाटलं आत जाऊन विमानं बघायची असतील. तसलं काही नाही. माणसं बाहेर येतात त्या दारासमोर एक सिमेंटचं बाकडं होतं, त्यावर जाऊन बसलो. सरांनी खिशातून फुटाण्यांची पुडी काढली. दारातून बॅगा ढकलत माणसं यायची आणि रिक्षावाले, टॅक्सीवाले त्यांना गराडा घालायचे. मग सर उठून उभे राहायचे आणि कवायतीच्या आवाजात ओरडायचे, "बस डाव्या हाताला! बस आहे! डाव्या हाताला!" दहातला एखादा माणूस वळायचा. बाकीचे दचकायचे.

एक रिक्षावाला ओळखीचा झाला होता. तो म्हणाला, "सर, तुमचं पेन्शनवर भागतं. आमच्या पोटावर का उठलाय?"

"उठलो नाही, उभा आहे. तू तुझं ओरड, मी माझं ओरडतो. माणसाला दोन्ही दिसू देत."

"मॅडम, तुम्ही तरी सांगा यांना."

वहिनी म्हणाल्या, "माझं ऐकलं असतं तर आज घरी झोपले नसते का दुपारची?" आणि त्याच्या हातावर फुटाणे ठेवले.

परत येताना मी वहिनींना म्हटलं, यात काय बघायचं असतं? त्या म्हणाल्या, "कोण कुणाला न्यायला आलंय ते बघायचं. तोंडं बघण्यासारखी असतात." मला काही तसं वाटलं नाही. मी पुन्हा दोघांबरोबर गेले नाही.

आणायला जाणं हा त्या घरातला नियमच होता. परगावाहून येणारं माणूस आपलं आपण घरी यायचं नाही, सर जाऊन आणणार, आणि बसनं आणणार. त्याच्याबरोबर आणखी एक नियम, सहलींतला. मुलांना निघण्याआधी रांगेत उभं करून सांगायचे, "चुकलात तर हलायचं नाही. जिथं आहात तिथंच उभं राहायचं. मी शोधत येईन. दोघं हिंडायला लागली तर जन्मात भेट नाही." मुलगी पाच-सहा वर्षांची असताना सारसबागेत गर्दीत चुकली होती. एका झाडाला धरून उभी राहिली, एक माणूस चौकीत नेतो म्हणाला तर त्याच्या हाताला चावली. सरांनी शोधून काढली. ही गोष्ट ते कौतुकानं सांगायचे, आणि नियम चांगलाच होता, मी नाही म्हणत नाही.

लग्नानंतर एकदा ती न कळवता आली. आईला चकित करायचं होतं. विमानतळावरून रिक्षा करून दारात. सरांनी दार उघडलं.

"कशानं आलीस?"

"रिक्षानं. बाबा, आत तरी येऊ द्या."

"ये."

एवढंच. ती चार दिवस राहिली, चार दिवस सर तिच्या पंगतीला बसले नाहीत. नंतर जेवायचे, एकटे. ती जाताना त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "पुन्हा नाही असं करणार. तुम्ही येईपर्यंत थांबेन." तेव्हा कुठं चेहरा सैल झाला. सोडायला गेले, बसनं.

मला विचाराल तर हा सगळा माणूस त्या चार दिवसांत दिसला होता. लोक अशा वागण्याला तत्त्व म्हणतात. बायकोला दोनदा अन्न गरम करावं लागायचं, मला एवढं दिसलं.

मग वहिनी आजारी पडल्या. पोटातलं दुखणं, उशिरा कळलं. वर्षभर दवाखाने झाले. रविवार बंद झाले. सर त्यांच्या उशाशी बसून राहायचे, पाय चेपायचे, बेडपॅन धुवायचे, यात कुठं कमी पडले नाहीत. शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी वहिनींनी पाणी नको म्हटलं. मी पुष्कळ मरणं बघितली आहेत. मी सरांना बाहेर बोलावून म्हटलं, "मुलीला आजच बोलवा."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानानं ती निघाली. सरांनी शर्ट बदलला, शिट्टी शर्टाच्या आत घातली. वहिनींनी डोळे उघडले. "आज तरी रिक्षानं आणा हो तिला," म्हणाल्या. आवाज फार बारीक झाला होता.

"रिक्षा शोधावी लागते. बस असतेच," सर म्हणाले आणि गेले.

नंतर गल्लीत एकानं मला सांगितलं, की रिक्षा करणं म्हणजे घाई आहे असं कबूल करणं, आणि ते सरांना झेपलं नसेल. ऐकायला बरं वाटतं. मला तसं वाटत नाही. त्यांना सवय होती.

वर्षभरात विमानतळावर नवी इमारत उघडली होती. जुनीच्या शेजारी, काचेची, मोठी. काही विमानांची माणसं तिकडून बाहेर यायची, काहींची अजून जुनीतून. सरांना नवी इमारत झाल्याचं ठाऊक होतं, पेपर वाचायचे. पण ते आपले सवयीनं जुन्या दारासमोर गेले आणि बाकड्यावर बसले. दारातून माणसं येत होती, रिक्षावाले ओरडत होते, सगळं नेहमीसारखं होतं. नागपूरचं विमान कुठल्या इमारतीत लागतं, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. विचारतो तो नवखा, असं त्यांचं मत.

मुलगी नव्या इमारतीतून बाहेर आली आणि तिथंच एका खांबाशी उभी राहिली.

फडताळातला फोन वाजला. मी घेतला.

"मावशी, बाबा निघालेत ना?"

"कधीचे. तिथंच असतील, बाकड्यावर."

"इथं बाकडं नाही. सगळं नवीन बांधलंय."

"दारासमोर बघ. सिमेंटचं."

"नाही हो मावशी. आई कशी आहे?"

"रिक्षा कर आणि ये."

ती म्हणाली, "ते येतील इतक्यात. मी हलले आणि ते आले तर? मागच्या वेळचं माहितीये ना तुम्हाला. आज आईसमोर तसलं काही नको."

मी पुन्हा म्हटलं, रिक्षा कर. ती म्हणाली, थोडं थांबते. विमानतळाला दुसरं दार फुटतं हे मला कुठं ठाऊक. मला वाटलं, बाकडं उचलून नेलं असेल.

असे तिचे आणखी फोन आले. प्रत्येक वेळी तिचा आवाज आणखी लहान होत गेला, शेवटी शेवटी सारसबागेतल्या पोरीसारखा. ती जागा सोडत नव्हती, कारण चुकलेल्यानं हलायचं नसतं. आणि तिकडं सर जागा सोडत नव्हते, कारण ते ठरल्या जागी होते. चुकलेल्याला शोधायला ते नक्की गेले असते, सगळा विमानतळ पालथा घातला असता. पण आपणच चुकलोय हे त्यांना कळलंच नाही. दोघांच्या मध्ये एक भिंत आणि गाड्यांचा रस्ता, बस्स.

इकडं वहिनींचा श्वास बदलला. मध्येच डोळे उघडले.

"आली का?"

"येतेय."

"कशानं?"

मला खोटं सुचलं नाही. म्हटलं, "बसनं."

त्यांच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं. "मग वेळ आहे," म्हणाल्या आणि डोळे मिटले. त्यानंतर बोलल्या नाहीत. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा त्या गेल्या. मी डोळे झाकले, हनुवटीला फडकं बांधलं, शेजारणीला हाक मारली. मुलीला फोन करता आला असता. केला नाही. रस्त्यात उभ्यानं ऐकायची गोष्ट नव्हती.

पुढचं मला मुलीनं नंतर सांगितलं. सरांना वाटलं, तिचं विमान चुकलं असणार, घरी जाऊन फोन करावा. म्हणून बसमध्ये चढले. बस वळसा घेऊन नव्या इमारतीवरून निघाली तेव्हा खिडकीतून त्यांना ती दिसली, बॅग पायाशी धरून उभी. सरांनी बसमध्येच शिट्टी फुंकली. ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक मारला. कंडक्टर ओरडला, "ओ आजोबा, हा स्टॉप आहे का?" सर म्हणाले, "माझी मुलगी आहे." आणि तिला वर घेतलं. तिनं पहिलं वाक्य म्हटलं, "बाबा, उतरू या, रिक्षा करू." सर म्हणाले, "आता बसलोय ना." येरवड्याला गर्दी होती, स्वारगेटला बस बदलली.

जिन्यात पावलं वाजली तेव्हा मी दार उघडलं. सर पुढं होते, तिची बॅग त्यांच्या हातात. घामानं भिजले होते आणि चेहरा खुशीत होता. आत बघायच्या आधी, दारातूनच, मोठ्यानं म्हणाले, "आणली बघ! बसनं!"

मी म्हटलं, "सर, बॅग खाली ठेवा. वहिनी गेल्या."

ते तसेच उभे राहिले. मुलगी त्यांच्या बाजूनं आत गेली. तिनं त्यांना हात लावला नाही, ढकललंही नाही. भिंतीला घासून गेली.

तेरा दिवस दोघं एका घरात होती. एकदाच बोलणं ऐकलं मी.

"तू कुठं होतीस?"

"जिथं बाहेर आले तिथं."

"मी पण तिथंच होतो."

"नव्हतात, बाबा."

जायच्या दिवशी सरांनी सोडायला जायचं म्हणून पायात चपला घातल्या. ती म्हणाली, "मी टॅक्सी बोलावलीये." सरांनी चपला काढून परत कोपऱ्यात लावल्या, जोडीनं, शाळेत लावायला सांगायचे तशा. "बरं," म्हणाले. गॅलरीत आले नाहीत.

मला ती जाण्याआधी एक गोष्ट सांगून गेली. "मावशी, बस यायच्या आधीच मी शिट्टी ऐकली होती, जुन्या इमारतीकडून. दोन छोट्या, एक लांब. पण तिथं सगळेच शिट्ट्या मारतात हो, गाड्या हलवायला. मला वाटलं, भास झाला. एकदा वाटलं, जाऊन बघावं. नाही गेले."

पुढं पावसाळा गेला, दिवाळी गेली. सर माझ्या हातचा चहा प्यायला मागच्या खोलीत यायचे. एकदा कप खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही स्पष्ट बोलता, म्हणून विचारतो. माझी चूक झाली का?"

"झाली."

"काय चुकलं?"

"विचारलं नाहीत."

"कुणाला विचारायचं?"

"कुणालाही. दारावर शिपाई उभा होता ना?"

"मी वर्षानुवर्षं तिथं जात होतो."

"म्हणूनच."

त्यांना राग आला नाही. म्हणाले, "रविवारी याल का माझ्याबरोबर? ती कुठं उभी होती ते बघायचंय." मी गेले. गुडघे दुखत होते तरी गेले. बसमध्ये ते खिडकीशी बसले, फुटाणे घेतले नव्हते. उतरून नव्या इमारतीपर्यंत चालत गेलो. तिथं बाकडं नव्हतंच. मुलगी मला म्हणाली होती त्या खांबाशी जाऊन सर उभे राहिले. शेजारी एक गार्ड गाडीवाल्यांवर शिट्ट्या मारत होता. सरांनी जुन्या इमारतीकडं बघितलं, इकडं बघितलं, पुन्हा तिकडं बघितलं. तो ओळखीचा रिक्षावाला जवळ आला, "सर! किती दिवसांनी! मॅडम नाही आल्या?" सरांनी मान हलवली. त्यालाही कळलं. तो मागं सरला.

"इथपर्यंत शिट्टी ऐकू आली असेल का?" सरांनी मला विचारलं.

"आली होती. तिनं सांगितलं मला."

हे बोलायला नको होतं, असं मला शेजारणीनं नंतर ऐकवलं. ज्यानं विचारलं त्याला उत्तर दिलं. सर बराच वेळ खांबाला हात लावून उभे होते. दारातून माणसं येत होती, कुणी बस कुठं म्हणून इकडंतिकडं बघत होतं. सर ओरडले नाहीत. एका बाईनं थेट त्यांनाच विचारलं, "आजोबा, बस कुठून मिळेल?" तर म्हणाले, "मला माहीत नाही. गार्डला विचारा."

त्या दिवसापासून शिट्टी खिळ्याला टांगलेली राहिली. नळाला पाणी आलं की मीच ओरडायचे. मोबाइल मात्र खिशात ठेवायला लागले, रुमालासकट. मुलीचा फोन यायचा महिन्यातून एखादा. तब्येत कशी, औषध घेता का, असं. ते उभं राहून बोलायचे, सावधानमध्ये. "तू ये," असं मी त्यांना कधी म्हणताना ऐकलं नाही, आणि "येते" असं ती म्हणाली असती तर ते घरभर सांगत फिरले असते.

या थंडीत एका सकाळी चहाला हाक मारली तर आले नाहीत. जाऊन बघितलं तर झोपेतच गेले होते. उशाशी मोबाइल होता, त्यावरूनच मी मुलीला कळवलं. ती म्हणाली, "मावशी, मी येईपर्यंत थांबवा." गल्लीतले लोक म्हणत होते, लवकर उरकू या. मी म्हटलं, थांबायचं.

दुपार कलायच्या आत ती आली. दारात माणसं उभी होती, त्यांनी वाट दिली. ती उंबऱ्याशी थांबली. आत सर जमिनीवर होते, पाय दाराकडं. तिनं चपला काढल्या, जोडीनं लावल्या, आणि तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "बाबा, टॅक्सीनं आले."

तिला कुणी विचारलं नव्हतं.